कोळशाच्या अंतरंगाचा वेध : रोझलिंड फ्रँकलिन

कोळसा उगाळावा तितका काळाच, असे आपल्याकडे म्हणतात. वाईटाच्या जितके खोलात जावे तितके वाईटच हाती लागते, असा त्या म्हणीचा आशय. माणसांच्या बाबतीत ती खरी असेलही. परंतु प्रत्यक्ष कोळशाच्या बाबतीत ती खरी नाही, हे विसाव्या शतकाच्या मध्यास एका तरुण इंग्रज संशोधिकेने दाखवून दिले. कोळशाच्या जितके खोलात जावे तितकी त्यात नवनवी रचना दिसू लागते, आणि वरून सारखेच काळे दिसणारे दोन तुकडे आतून एकमेकांपासून अगदी भिन्न असू शकतात, हा तिच्या संशोधनाचा निष्कर्ष होता. त्या संशोधिकेचे नाव रोझलिंड फ्रँकलिन.

आज हे नाव जगाला माहीत आहे ते डीएनएच्या रेणूमुळे. त्या शोधाच्या श्रेयाविषयी झालेला वाद इतका गाजला की, त्यांच्या आयुष्याचा उरलेला भाग त्याच्या सावलीत झाकला गेला. डीएनएवर त्यांनी काम केले ते जेमतेम सव्वादोन वर्षे. त्यापूर्वीची सुमारे आठ वर्षे त्या कोळसा आणि कार्बन यांच्या अभ्यासात गढलेल्या होत्या, आणि त्यांची वैज्ञानिक दृष्टी घडली ती तेथेच. म्हणून त्यांचे चरित्र कोळशापासून वाचणे अधिक न्याय्य ठरते.

रोझलिंड एल्सी फ्रँकलिन यांचा जन्म २५ जुलै १९२० रोजी लंडन येथे एका सुखवस्तू ज्यू कुटुंबात झाला. पाच भावंडांत त्या दुसऱ्या. वडील एलिस फ्रँकलिन यांचा व्यवसाय पेढीचा. परंतु दिवसाचे काम संपल्यावर ते कामगारांसाठी चालविलेल्या महाविद्यालयात शिकवीत. आई म्युरिएल. सार्वजनिक कामाला आयुष्याचा एक भाग दिलाच पाहिजे, अशी त्या घराची धारणा होती. नाझींच्या जाचाला कंटाळून इंग्लंडमध्ये आलेल्या निर्वासितांना या कुटुंबाने आधार दिला. रोझलिंड यांना शालान्त परीक्षेनंतर वर्षाला ३० पौंडांची शिष्यवृत्ती मिळाली, तेव्हा ती एखाद्या गरजू निर्वासित विद्यार्थ्याला द्यावी, असे वडिलांनी सुचविल्याचे सांगतात.

लंडनच्या सेंट पॉल्स या मुलींच्या शाळेत त्यांचे शिक्षण झाले. मुलींना भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र नीट शिकविणाऱ्या त्या काळच्या मोजक्या शाळांपैकी ती एक होती. १९३८ साली त्या केंब्रिजच्या न्यूनहॅम महाविद्यालयात दाखल झाल्या. दुसऱ्याच वर्षी महायुद्ध सुरू झाले. १९४१ साली त्यांनी परीक्षा दिली आणि दुसरा वर्ग मिळविला. मात्र केंब्रिज विद्यापीठ त्या वेळी स्त्रियांना पूर्ण अधिकाराची पदवी देत नसे. तो अधिकार मिळण्यास १९४८ साल उजाडावे लागले. पुढील वर्ष त्यांनी प्राध्यापक नॉरिश यांच्या प्रयोगशाळेत काढले. पुढे नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या या शास्त्रज्ञाशी त्यांचे पटले नाही, आणि हाती घेतलेल्या विषयात त्यांचे मन रमले नाही.

१९४२ च्या ऑगस्टमध्ये त्या लंडनजवळील किंग्स्टन येथे ब्रिटिश कोळसा उपयोग संशोधन संस्थेत रुजू झाल्या. युद्धकाळात प्रत्येक शिक्षित तरुणाने राष्ट्रोपयोगी काम करावे, अशी अपेक्षा होती, आणि कोळसा हा तर त्या वेळच्या ब्रिटनचा प्राणवायूच होता. आगगाड्या कोळशावर धावत, वीज कोळशापासून निघे, पोलाद कोळशाच्या कोकवर वितळे, आणि घरोघरच्या शेगड्याही कोळशावरच पेटत. खाणीत माणसे इतकी अपुरी पडू लागली की, १९४३ च्या अखेरीपासून सैन्यभरतीस पात्र ठरलेल्या तरुणांपैकी काहींना चिठ्ठ्या काढून रणांगणाऐवजी खाणीत धाडण्यात आले. अशा काळात बावीस वर्षांच्या रोझलिंड पटनीहून सायकलने प्रयोगशाळेत जात, आणि हवाई हल्ल्यांच्या काळात रक्षक-स्वयंसेवक म्हणूनही काम करीत.

त्यांच्यापुढे ठेवलेला प्रश्न वरकरणी साधा होता. कोळसा आतून सच्छिद्र असतो; ती छिद्रे कशी आहेत, किती आहेत, आणि कोळशाच्या जातीगणिक त्यांत काय फरक पडतो?

या प्रश्नाचे महत्त्व कळण्यासाठी कोळसा म्हणजे काय ते थोडे पाहिले पाहिजे. कोट्यवधी वर्षांपूर्वी दलदलीत गाडल्या गेलेल्या वनस्पती दाबाने आणि उष्णतेने बदलत गेल्या. त्यांतील ऑक्सिजन आणि हायड्रोजन हळूहळू कमी होत गेला आणि कार्बनचे प्रमाण वाढत गेले. या प्रवासाचे टप्पे म्हणजे पीट, लिग्नाइट, बिट्युमिनस कोळसा आणि अखेर कठीण, चकचकीत अँथ्रासाइट. आपल्या देशातही नेव्हेलीचा तपकिरी लिग्नाइट आणि झरियाचा कोक देणारा कोळसा यांच्या गुणांत मोठे अंतर आहे. एक कोळसा तापविला असता मऊ होतो, फुगतो आणि थंड झाल्यावर त्याचा घट्ट कोक बनतो. दुसरा कितीही तापविला तरी मऊ होतच नाही. केवळ कार्बन किती, हायड्रोजन किती, असे रासायनिक पृथक्करण केल्याने या भेदाचे पुरते उत्तर मिळत नाही. कोळसा कशाचा बनला आहे याबरोबरच तो कसा रचला गेला आहे, हेही कळावे लागते.

छिद्रे इतकी सूक्ष्म होती की, कोणत्याही सूक्ष्मदर्शकाने ती दिसण्याची सोय त्या वेळी नव्हती. रोझलिंड यांनी ती पाहण्याऐवजी मोजण्याचा मार्ग धरला. कोळशाचा चुरा एखाद्या द्रवात बुडविला की तो द्रव ज्या छिद्रांत शिरू शकतो ती भरून टाकतो. ज्यांत शिरू शकत नाही ती मात्र कोळशाच्याच आकारमानात मोजली जातात, आणि त्यामुळे कोळशाची घनता प्रत्यक्षापेक्षा कमी भासते. म्हणून एकाच कोळशाची घनता त्यांनी निरनिराळ्या माध्यमांत मोजली. हेलियम हा वायू सर्वांत लहान कणांचा; तो जवळजवळ सर्वत्र शिरतो. मग मिथेनॉल, हेक्झेन, बेंझिन असे क्रमाने मोठ्या रेणूंचे द्रव. प्रत्येक माध्यमाने दिलेली घनता वेगळी आली, आणि त्या फरकांतूनच छिद्रांच्या तोंडांचे माप हाती आले.

निष्कर्ष असा निघाला की, कोळशातील पोकळ्यांना अत्यंत अरुंद दारे आहेत. त्या दारांतून लहान रेणू आत जातात, मोठे बाहेरच अडतात. धान्य चाळणीतून गाळावे तसा कोळसा रेणू गाळतो. दारांची रुंदी कोळशाच्या जातीनुसार बदलते, आणि कोळसा हवेवाचून अधिकाधिक तापवीत गेले तर ती आणखी अरुंद होत जाते. पोकळी आत तशीच राहते, परंतु तिच्यापर्यंत पोहोचण्याची वाट बंद होते. घनतेच्या साध्या आकड्यांत कोळशाच्या रेणुरचनेची साक्ष दडलेली आहे, हे त्यांनी असे सिद्ध केले. या मोजमापामुळे कोळशांचे वर्गीकरण अधिक नेमके झाले, आणि कोणता कोळसा कसा वागेल याचा अंदाज बांधता येऊ लागला. हवेतून नायट्रोजन वेगळा करण्यासाठी आज उद्योगांत कार्बनच्या रेणुचाळण्या वापरल्या जातात. त्यांचे तत्त्व हेच.

या कामावर लिहिलेल्या प्रबंधाबद्दल १९४५ साली त्यांना केंब्रिजची डॉक्टरेट मिळाली. बँगहॅम यांच्यासह आणि स्वतंत्रपणे लिहिलेले त्यांचे निबंध पुढील काही वर्षांत प्रसिद्ध झाले. पंचविशीतच कोळशाच्या अभ्यासकांत त्यांचे नाव आदराने घेतले जाऊ लागले.

परंतु घनतेच्या मोजमापाने छिद्रांचा पत्ता लागला, तरी छिद्रांभोवतीच्या भिंती कशा रचल्या आहेत, हे कळत नव्हते. त्यासाठी दुसरे साधन हवे होते, आणि ते त्यांना पॅरिसमध्ये मिळाले. युद्धकाळात केंब्रिजमध्ये आश्रयास आलेल्या, मारी क्यूरी यांच्या हाताखाली काम केलेल्या आद्रियेन वेल या फ्रेंच विदुषीशी त्यांचा स्नेह जडला होता. तिच्या साहाय्याने १९४७ च्या फेब्रुवारीत त्या पॅरिसच्या सरकारी रसायन प्रयोगशाळेत दाखल झाल्या. तेथे जाक मेरिंग यांनी त्यांना क्ष-किरणांच्या साहाय्याने पदार्थांची रचना वाचण्याची विद्या शिकविली.

क्ष-किरण एखाद्या स्फटिकातून गेले की अणूंच्या नियमित रांगांवरून विखुरले जाऊन छायापत्रावर ठळक ठिपके उमटवितात. कोळसा मात्र स्फटिक नाही. त्याच्या चित्रात ठिपके नसतात, तर पुसट, पसरट पट्टे असतात. बहुतेक स्फटिकशास्त्रज्ञ अशी अस्पष्ट चित्रे बाजूला ठेवीत. रोझलिंड यांनी तीच हाती घेतली. पट्ट्याच्या प्रत्येक भागाची तीव्रता मोजून, लांबलचक गणिते हाताने सोडवून त्यांनी त्या पुसटपणातून अर्थ काढला. एका संश्लिष्ट पदार्थाच्या कोळशात सुमारे ६५ टक्के कार्बन हा ग्राफाइटसारख्या सपाट थरांत बांधलेला असून त्या थरांचा व्यास साधारण १६ अँगस्ट्रॉम आहे, इतक्या बारकाईने त्या बोलू शकल्या. एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग.

पुढचा प्रश्न याहून मोठा होता. कार्बनयुक्त पदार्थ अतिशय तापविला तर त्याचे ग्राफाइट बनते, असे सर्वसाधारणपणे मानले जाई. रोझलिंड यांनी निरनिराळे कोळसे, डांबराचा आणि खनिज तेलाचा कोक, साखरेचा कोळसा आणि काही प्लॅस्टिकांचे कोळसे घेऊन ते ३००० अंश सेल्सियसपर्यंत तापविले, आणि प्रत्येक पायरीवर त्यांची क्ष-किरण चित्रे घेतली. त्यांत कार्बनचे दोन स्पष्ट वर्ग दिसून आले. पहिल्या वर्गातील कार्बन तापमान वाढेल तसतसा शिस्तीत येत जातो आणि अखेर ग्राफाइट होतो. दुसऱ्या वर्गातील कार्बन त्याच ३००० अंशांवरही ग्राफाइट होत नाही.

या भेदाचे कारण त्यांनी शोधून काढले, आणि तेच त्यांच्या कोळसा-संशोधनाचे शिखर म्हणता येईल. पोथीची सुटी पाने हाताने चापून नीट एकावर एक बसविता येतात. परंतु हीच पाने वेड्यावाकड्या अवस्थेत असतानाच कोणी मध्येमध्ये दोऱ्याने टाचून टाकली, तर मग कितीही चापले तरी ती सरळ होत नाहीत. कोळशाचेही तसेच आहे. ज्या कोळशात हायड्रोजन भरपूर असतो तो तापताना मऊ होतो, आणि त्यातील सूक्ष्म थर हलू शकतात, एकमेकांना समांतर येतात. ज्यात हायड्रोजन कमी किंवा ऑक्सिजन अधिक असतो, त्यात तापविण्याच्या आरंभीच थराथरांत आडवे बंध पडतात. ते बंध थरांना वेड्यावाकड्या स्थितीत जखडून टाकतात आणि मधल्या पोकळ्या कायम ठेवतात. असा कार्बन कठीण व सच्छिद्र राहतो. पहिला मऊ व घट्ट होतो. म्हणजे ३००० अंशांवर काय घडणार, ते त्याहून कितीतरी कमी तापमानाला आधीच ठरून गेलेले असते. किंग्स्टनच्या प्रयोगशाळेत मोजलेली छिद्रे आणि पॅरिसच्या छायापत्रांवरील पुसट पट्टे यांची सांगड अशी बसली. हे निबंध १९५० आणि १९५१ साली प्रसिद्ध झाले, आणि त्यांनी केलेली विभागणी कार्बनच्या अभ्यासात आजही पायाभूत मानली जाते.

पॅरिसमधील चार वर्षे त्यांच्या आयुष्यातील अत्यंत आनंदाची ठरली. फ्रेंच भाषा त्या अस्खलित बोलत. सहकाऱ्यांबरोबर भोजनाच्या वेळी रंगणारे वादविवाद त्यांना मनापासून आवडत, आणि सुट्टी मिळाली की त्या आल्प्सच्या चढणी चढावयास निघत. तरीही मायदेशी परतावे, असे त्यांनी ठरविले.

१९५१ च्या जानेवारीत त्या लंडनच्या किंग्ज महाविद्यालयात आल्या. येथे हाती आले डीएनएचे तंतू. विषय पूर्ण नवा. परंतु पद्धत जुनीच. डीएनएही कोळशाप्रमाणेच परिपूर्ण स्फटिक नव्हता. तंतूभोवतीच्या हवेतील दमटपणा काटेकोरपणे कमीअधिक करून डीएनएची दोन रूपे असतात, हे त्यांनी रेमंड गॉस्लिंग या विद्यार्थ्यासह दाखविले. आजवर दोन्ही रूपांची सरमिसळ झाल्यानेच चित्रे गोंधळाची येत होती. १९५२ च्या मे महिन्यात घेतलेले ५१ क्रमांकाचे छायाचित्र म्हणजे सर्पिल रचनेची निःसंदिग्ध खूण होती.

त्या प्रयोगशाळेत मात्र त्यांना सुख लाभले नाही. कामाच्या वाटणीविषयी आरंभीच गैरसमज झाला, आणि मॉरिस विल्किन्स यांच्याशी त्यांचे संबंध दुरावले. १९५३ च्या जानेवारीत ते छायाचित्र रोझलिंड यांच्या नकळत जेम्स वॉटसन यांच्या पाहण्यात आले. त्यांची काही मोजमापेही एका अहवालाद्वारे केंब्रिजला पोहोचली. २५ एप्रिल १९५३ च्या ‘नेचर’ नियतकालिकात वॉटसन आणि क्रिक यांची दुहेरी सर्पिल प्रतिकृती प्रसिद्ध झाली, आणि रोझलिंड यांचा निबंध त्याच अंकात तिसऱ्या क्रमांकावर, जणू केवळ पुष्टीसाठी दिल्यासारखा आला.

तोवर त्यांनी ती प्रयोगशाळा सोडलीही होती. बर्कबेक महाविद्यालयात जे. डी. बर्नाल यांच्या विभागात, जुन्या इमारतीतील अपुऱ्या सोयींत, त्यांनी विषाणूंचा अभ्यास आरंभिला. तंबाखूच्या पानांवर मोझॅक रोग आणणाऱ्या विषाणूत प्रथिनाचे घटक सर्पिल मांडणीत रचलेले असतात, तो मधून पोकळ असतो आणि त्याचे आरएनए प्रथिनाच्या आतच गुंफलेले असते, हे त्यांनी आणि त्यांच्या लहानशा गटाने उलगडले. ॲरन क्लुग हे त्यांचे तेथील सहकारी. कोळशाशी नाते मात्र तुटले नव्हते. कार्बनचे ग्राफाइट कसे बनते, यावरील त्यांचा एक निबंध १९५६ साली प्रसिद्ध झाला.

त्याच वर्षी त्यांना कर्करोग झाल्याचे निदान झाले. शस्त्रक्रिया झाल्या, उपचार झाले. मध्येमध्ये बरे वाटले की त्या पुन्हा प्रयोगशाळेत हजर होत. पोलिओच्या विषाणूवरील काम त्यांनी याच काळात हाती घेतले. १६ एप्रिल १९५८ रोजी लंडन येथे त्यांचे निधन झाले. वय अवघे ३७ वर्षांचे. पोलिओ विषाणूच्या रचनेवरील निबंध क्लुग आणि सहकाऱ्यांनी पुढील वर्षी त्यांच्या स्मृतीस अर्पण केला.

१९६२ साली वॉटसन, क्रिक आणि विल्किन्स यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १९८२ साली क्लुग यांना मिळाले. मृत व्यक्तीचा त्या पारितोषिकासाठी विचार होत नाही. रोझलिंड यांच्यावर अन्याय झाला, हे आता बहुतेक सर्व जण मानतात. परंतु त्यांना केवळ अन्यायाची बळी म्हणून स्मरणे हाही एक प्रकारे अन्यायच आहे. लंडनच्या विल्सडेन येथील त्यांच्या समाधिशिलेवर विषाणूंवरील संशोधनाचा गौरव आहे. तेथे डीएनएचा उल्लेख नाही आणि कोळशाचाही नाही.

कोळशावरील त्यांचे काम मात्र कोणाच्या पारितोषिकावर अवलंबून राहिले नाही. त्यांनी ज्याला ग्राफाइट न होणारा कार्बन म्हटले, तोच कठीण कार्बन आज सोडियम-आयन विजेऱ्यांत वापरला जात आहे. कारण ज्या आडव्या बंधांमुळे आणि पोकळ्यांमुळे तो ग्राफाइट होऊ शकत नाही, त्यांमुळेच सोडियमला त्यात जागा मिळते. या विजेऱ्यांवर काम करणारे संशोधक सत्तर वर्षांनंतरही १९५१ सालच्या त्या निबंधापाशी येतात. तो निबंध लिहिणाऱ्या तरुणीने इतरांनी बाजूला ठेवलेल्या पुसट चित्रांकडे पाठ फिरविली नाही, एवढ्यावर तिच्या आयुष्याचे सारे काम उभे आहे.